पहिल्या पानाचे हक्क

आमच्या सायंदैनिकात खुद्द संपादकांनाच पानावर खाडाखोड करता येत नसे. ही व्यवस्था मी केली होती, आणि संपादक ती आल्यागेल्याला मोठ्या कौतुकानं सांगत. "ही आमची सुलभा. हिनं माझ्याच पेपरात मला परकं करून ठेवलंय," असं म्हणत आणि पाहुण्याला चहा मागवत. पाहुण्याला वाटे, म्हातारा तक्रार करतोय. मला ठाऊक होतं की ते मिरवताहेत.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी धरणगावची. बी.एस्सी. झाल्यावर संगणकाची पदविका केली आणि जळगावात एका क्लासमध्ये शिकवायला लागले. एक दिवस पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात छत्री असे एक गृहस्थ क्लासमध्ये आले आणि मुलांच्या बाकावर बसून माझा तास संपेपर्यंत ऐकत राहिले. हे नाना. शहरातल्या एका सायंदैनिकाचे मालकही तेच आणि संपादकही तेच. तास संपल्यावर म्हणाले, "पोरी, मी मशिनं घेऊन ठेवलीत. पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. तू त्यांना बोलतं करशील का?"

मशिनं खरंच अबोल होती. बातमी खाली टाइप व्हायची, फ्लॉपीवर घेऊन कुणीतरी जिना चढायचं, वर पान लागायचं. फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा खाली. आमचं सायंदैनिक, म्हणजे दुपारी छपाईला गेलंच पाहिजे. त्या जिन्यावर लोकांचे गुडघे गेले. मी सगळ्या मशिनांना वायर जोडली आणि काचेच्या खोलीत एक सर्व्हर ठेवला. त्याची डिस्क प्रत्येकाला आपापल्या टेबलावरून दिसू लागली. फोल्डरला तेव्हा आम्ही डिरेक्टरी म्हणायचो. बातम्यांची एक, पानांची एक, जाहिरातींची एक. सगळं सगळ्यांना उघडं. ऑफिसात पेढे वाटले गेले.

पेढे पचायच्या आत गोंधळ सुरू झाला. जाहिरात विभाग विनूभाऊंकडे होता. विनूभाऊ म्हणजे नानांचा पुतण्या. बोलायला गोड, कपड्यांचा शौकीन, आणि कामाला वाघ. पेपर चालत होता तो त्यांनी आणलेल्या जाहिरातींवर, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. एकदा साड्यांच्या दुकानाची जाहिरात जरा मोठी करायची होती. पूर्वी त्यासाठी त्यांना वर जाऊन उपसंपादकांशी भांडावं लागलं असतं. आता त्यांनी आपल्याच टेबलावरून पान उघडलं, जाहिरात ताणली आणि जपून ठेवलं. खालची बातमी निम्मी गडप झाली. संध्याकाळी अंक बाजारात गेला त्यात पहिल्या पानावर छापलं होतं, "रावेरजवळ केळीचा ट्रक आणि ट्रॅक्टर यांची समोरासमोर धडक होऊन". आणि पुढे साडी.

अंधार पडेपर्यंत फोन खणखणत होता. "होऊन काय?" लोक विचारत होते. रावेरच्या एका बाईंनी विचारलं तेव्हा कुणाला हसू आलं नाही, कारण त्यांचा मुलगा त्या रस्त्यानं रोज ट्रॅक्टर नेत असे. मुलगा सुखरूप होता, पण आमच्या बातमीवरून ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोलावलं. "ज्याला जे काम, तेवढंच त्याला करता येईल असं कर."

मी आधी सोपा उपाय केला. संगणकातल्या प्रत्येक फाईलवर काही खुणा ठेवता येतात. त्यातली एक म्हणजे 'फक्त वाचा'. ती लावली की फाईल उघडते, वाचता येते, पण बदल जपून ठेवायला गेलं की नकार मिळतो. लागलेल्या पानांवर मी ही खूण लावली आणि निर्धास्त झाले. आठवडाही टिकली नाही. विनूभाऊंच्या मेहुण्यानं संगणकाचा कोर्स केला होता. खूण काढायची आज्ञा त्यानं त्यांना शिकवली. एक ओळ टाइप करायची, झालं. विनूभाऊंनी माझ्यासमोरच ती टाइप करून दाखवली आणि म्हणाले, "ताई, दारावर 'आत येऊ नये' लिहिलं म्हणजे कुलूप लावलं असं होत नाही."

बोलणं लागलं, पण ते खरं होतं. म्हणून मग मी हक्कांच्या मागे लागले. खूण फाईलवर असते आणि ती सगळ्यांना सारखंच सांगते. हक्क माणसाच्या नावावर असतात. अमक्यानं या डिरेक्टरीत काय करावं, हे सर्व्हर त्याच्या नावावरून ठरवतो. आमच्या सर्व्हरवर त्याचे बारीक बारीक तुकडे पाडता येत. फाईलचं नाव दिसणं हा वेगळा हक्क, ती वाचणं वेगळा, तिच्यात लिहिणं वेगळा. नवी फाईल तयार करणं, असलेली पुसणं, तिच्यावरच्या खुणा बदलणं, हेही वेगवेगळे. एक हक्क असला म्हणून दुसरा मिळत नाही. शिवाय वरच्या डिरेक्टरीत दिलेला हक्क खालच्या डिरेक्टऱ्यांत आपोआप उतरतो, तो अडवायचा असेल तर मुद्दाम अडवावा लागतो. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं तर आपल्या जमिनीच्या वाटणीतही नव्हतं."

मग पानांची डिरेक्टरी फक्त चौधरीसरांच्या ताब्यात दिली. चौधरीसर आमचे मुख्य उपसंपादक. कमी बोलणारे, शाईच्या पेनानं लिहिणारे, संगणकाशीही अदबीनं वागणारे. विनूभाऊंना पानं दिसत, वाचता येत, पण लिहिता येत नसे, आणि खुणा बदलायचा हक्कही मी ठेवला नव्हता. मेहुण्याची आज्ञा त्यांनी पुष्कळदा टाइप केली. सर्व्हर नाही म्हणाला.

नानांचा प्रश्न अवघड होता. नानांना हात आवरत नसे. छपाईला पान जायच्या घटकेला ते एखादा शब्द बदलत आणि सगळी ओळ खाली सरके. मी धीर करून म्हटलं, "नाना, तुम्हालाही फक्त वाचायचा हक्क देते. बदल असेल तर चौधरीसरांना सांगा, ते करतील."

चौधरीसर खिडकीबाहेर पाहू लागले. नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे मला निदान कुणाला तरी मोठ्यानं सांगावं लागेल, मी काय बदलतोय ते."

"हो."

"कर."

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं. धुळ्याच्या कार्यालयातून मोडेमवर बातम्या येत, त्या एका वेगळ्या डिरेक्टरीत पडत. त्यांना तिथे नवी फाईल टाकता येई, पण आमचं काही बघता येत नसे. धुळ्याचे लोक याला माझा जळगावी आखडूपणा म्हणत. म्हणू दिलं. एकच वाट मोकळी होती. सणासुदीला दुकानदारांचे लेख येत, "आमच्या पेढीची वाटचाल" वगैरे, आणि ते विनूभाऊंमार्फत येत. म्हणून नानांच्या सांगण्यावरून बातम्यांच्या डिरेक्टरीत विनूभाऊंना फाईल टाकायचा आणि पुसायचा हक्क होता. असलेल्या फाईलमध्ये लिहायचा नव्हता.

आता त्या दिवसाची गोष्ट.

कापसाचा हंगाम जोरात होता. सकाळच्या पाळीत धरणगाव भागातल्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. आमचे बातमीदार यशवंतभाऊ त्याच पट्ट्यातले. ते सायकलवर टांग टाकून तिथे पोचले, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि गावातल्या फोनबूथवरून चौधरीसरांना बातमी सांगितली. चौधरीसरांनी ती स्वतः टाइप केली. सरकी वेचायच्या खोलीत बाया कामाला होत्या आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. माल चोरीला जातो म्हणून जिनिंगचे मालक शेठ कुलूप लावायला लावत. किल्ली मुनीमजींकडे, आणि मुनीमजी बाजारात गेलेले. रखवालदारानं कुऱ्हाड आणून दार फोडलं आणि बायांना एकेक करून बाहेर काढलं. सगळ्या वाचल्या. त्याचे दोन्ही हात भाजले. पेपरात त्याचं पूर्ण नाव होतं. इथे नुसतं भिका म्हणते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून तो हंगामापुरता कामाला आला होता.

बातमी सांगून यशवंतभाऊ एस.टी.त बसले. ते जळगावला पोचायच्या आत शेठ स्वतःच्या मोटारीनं पोचले आणि विनूभाऊंच्या केबिनमध्ये बसले. थोड्या वेळानं विनूभाऊ माझ्या काचेच्या खोलीत आले.

"ताई, पहिल्या पानावर एक-दोन वाक्यं बदलायची आहेत. तेवढ्यापुरता हक्क द्या."

"चौधरीसरांना सांगा ना."

"ते नाही म्हणतील."

"मग नानांना सांगा."

ते हसले. "राहू द्या," म्हणाले आणि गेले. मला बरं वाटलं. माझं कुलूप टिकलं होतं.

यशवंतभाऊ आले ते घामानं निथळत, कपड्यांना धुराचा वास. पाणी पिण्याआधी त्यांनी चौधरीसरांच्या टेबलावरचं पानाचं प्रूफ उचललं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"सर, हे कोणी लिहिलं?"

चौधरीसरांनी चष्मा लावला. मीही उठून गेले. प्रूफावर होतं, "रखवालदार भिका याने कामात हयगय करून दार बंद ठेवल्याने मजूर स्त्रियांचे प्राण धोक्यात आले." मूळ बातमीत "भिका यांनी" होतं. 'यांनी'चं 'याने' झालं होतं. आमच्या भाषेत माणूस आरोपी झाला की त्याचं आदराचं अनेकवचन आधी जातं.

चौधरीसर पांढरे पडले. "मी हे टाइप केलेलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त पान लावलं."

मी मशिनावर बसले. पानाला कुणी हात लावला नव्हता. पण पान जुळवणारा आमचा प्रोग्राम मजकूर स्वतःजवळ ठेवत नसे. तो बातमीच्या फाईलमधूनच ओढून घेई. आणि ती फाईल होती बातम्यांच्या डिरेक्टरीत, जिथे विनूभाऊंना लिहिता येत नव्हतं, पण जुनी फाईल पुसता येत होती आणि त्याच नावाची नवी टाकता येत होती. बदलायचा हक्क नसला तरी पुसायचा आणि टाकायचा असला की झालं. हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते सुचलं नसतं.

आम्ही तिघं नानांच्या खोलीत गेलो. शेठ तिथेच बसले होते, समोर चहा. विनूभाऊ शेजारी उभे. नानांनी प्रूफ वाचलं, यशवंतभाऊंचं ऐकलं आणि पुतण्याला विचारलं, "तू केलंस?"

"हो काका. चोरून काही केलं नाही. मला करता येत होतं, मी केलं. ताईंनीच दिलेत हक्क."

"ते लेखांसाठी होते," मी म्हटलं.

"संगणकाला ते कुठे माहीत आहे?"

 संगणकाला खरंच माहीत नव्हतं.

शेठ शांतपणे म्हणाले, "नाना, माझं त्या माणसाशी वैर नाही. पण पोलिसांना एक नाव लागतं. तो हंगामी माणूस आहे, उद्या गावी निघून जाईल. मला इथेच राहायचंय."

नानांनी यशवंतभाऊंकडे पाहिलं. "यशवंत, ऐकीव आहे की पाहिलंस?"

यशवंतभाऊ ऑफिसात नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या वेळी मात्र त्यांच्या तोंडून घरचीच बोली आली. "मी सोता देखं नाना. कुलूप बाहेरथून व्हतं. भिकानी कुऱ्हाडघाई दार फोडं. त्याना हातनी कातडी लोंबत व्हती आनि तो इचारत व्हता, आखो कोन्ही मजार शे का." आत अजून कुणी राहिलंय का, असं तो विचारत होता.

 शेठनी चहाचा कप खाली ठेवला.

"सुलभा," नाना म्हणाले, "मूळ बातमी गेली का?"

"नाही. पुसलेली फाईल सर्व्हर लगेच फेकून देत नाही. परत आणता येते."

"काका, जाहिराती बंद होतील," विनूभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते धमकी देत नव्हते, जे होणार होतं ते सांगत होते. "एकट्या शेठच्या नाही. जिनिंगवाले सगळे एक आहेत."

"आण," नाना मला म्हणाले.

ते माझ्यामागोमाग काचेच्या खोलीत आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. मी विनूभाऊंची फाईल बाजूला काढली, पुसलेल्या फाईलींतून यशवंतभाऊंची बातमी परत आणली, उघडून वाचली. "भिका यांनी" जागेवर होतं. तिच्यावर 'फक्त वाचा'ची खूण लावली आणि विनूभाऊंचे त्या डिरेक्टरीतले सगळे हक्क काढले. चौधरीसर पानात मजकूर पुन्हा ओढायला पळाले.

नाना मागून हळूच म्हणाले, "मला आता ही बातमी बदलता येईल?"

"नाही नाना."

"बरं झालं." मग म्हणाले, "बदलली असती कदाचित. माझ्या लग्नात शेठ पंगतीत वाढत होता."

अंक वेळेवर गेला. पुढे चौकशी झाली, त्यात कुलूप आणि किल्ली दोन्ही आली, आणि रखवालदारावर काही आलं नाही. जाहिराती बंद झाल्या, विनूभाऊ म्हणाले होते तशाच. पानं कमी करावी लागली. विनूभाऊ कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत, पण दिवसभर स्कूटरवर फिरून त्यांनी नंदुरबारपासून भुसावळपर्यंत नव्या जाहिराती आणल्या आणि पेपर तगवला. हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या लेखांसाठी मी स्वतंत्र डिरेक्टरी करून दिली. पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून सलाम केला.

माझ्या नोकरीतला हा दिवस मी पुष्कळांना सांगितला. त्यानंतरचं फारसं सांगितलं नाही.

होळीच्या सुमाराला एक माणूस ऑफिसात आला. हातांना फडकी गुंडाळलेली. दारातल्या शिपायाला त्यानं विचारलं, "पेपरमा नाव कोन टाकस?" शिपायानं त्याला माझ्याकडे आणलं, कारण नाव टाकायचं म्हणजे संगणकात, आणि ऑफिसात संगणकाचं काहीही असलं की माझ्याकडेच येई. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण हातांवरून ओळखलं. खुर्ची दिली, तो बसला नाही.

"भिकाभाऊ ना तुम्ही?"

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. मी यशवंतभाऊंना हाक मारली.

"ताई," तो म्हणाला, "मनं नाव काढी टाका."

"तुमचं नाव? कुठून?"

"पेपरमाईन. जठे जास तठे म्हंतस, तूच ना तो, शेठनं दार फोडनारा? माले कोन्ही कामवर ठेवत नही. जिनवाला बठ्ठा वळखतस." शेठचं दार फोडणारा म्हणून सगळे जिनवाले त्याला ओळखू लागले होते.

यशवंतभाऊ येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं आणि खाली पाहिलं. मी म्हटलं, "भिकाभाऊ, तुम्ही चांगलं काम केलंत म्हणून नाव छापलं. तुमच्यावर ढकलत होते, आम्ही ते होऊ दिलं नाही."

"ते बरं करं तुम्ही," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत असावं. "पन मनं नाव कसाले टाकं? रखवालदार म्हनी टाकतात तर काय व्हतं?"

माझ्यासमोर पडदा होता. सर्व्हरवरचे सगळे हक्क माझ्या नावावर होते. मी कुठलीही फाईल उघडू शकत होते, बदलू शकत होते. ती बातमीही अजून तिथेच होती. मी त्याला काय दाखवणार होते? अंक घराघरांत गेला होता, पानटपऱ्यांवर वाचला गेला होता, जिनिंगच्या गाद्यांवर चर्चिला गेला होता. मी सांगितलं, "छापलेलं आता काढता येत नाही."

"कोन्हालेच नही?"

"कोणालाच नाही."

 तो "बरं" म्हणाला. यशवंतभाऊ त्याला बाहेर घेऊन गेले, चहा पाजला. रावेरला त्यांचे एक नातलग केळीचं पॅकिंग करत. घड उचलणं त्या हातांनी जमणार नव्हतं, म्हणून गोडाऊनच्या दारावर बसायचं काम त्याला मिळवून दिलं. तो गेला. पुढे यशवंतभाऊंनी सांगितलं की काम नीट चाललंय, नातलग खूश आहेत, आणि तिथे तो आपलं नाव दुसरंच सांगतो.

नानांना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते चौधरीसरांच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "यापुढे गरिबाचं नाव छापायचं असेल तर आधी त्याला विचारायचं. चांगली बातमी असली तरी."

त्या पावसाळ्यात यशवंतभाऊंचा पिंपळनेरहून फोन आला. ओढ्याला पूर आला होता आणि शाळेतून परतणाऱ्या लहान मुलांना एका बाईनं पाण्यातून ओढून काढलं होतं. चौधरीसर दुसऱ्या पानात अडकले होते, म्हणून मी टाइप करायला बसले. यशवंतभाऊ भराभर सांगत होते. गाव, ओढा, मुलं, सगळं आलं. मी विचारलं, "बाईंचं नाव?"

पलीकडे पाऊस वाजत होता.

"नाव माहीत आहे," ते म्हणाले, "पण त्या पलीकडच्या काठावर आहेत. पाणी उतरल्यावर विचारून सांगतो. तोवर 'एका बाईंनी' असं घ्या."

मी तसं घेतलं. 'बाईनं' लिहिलेलं पुसून 'बाईंनी' केलं, फाईल जपून ठेवली आणि चौधरीसरांना हाक मारली.